काचेसमोरचं स्टूल

मित्रांनो, मी एक जुनं बाभळीचं स्टूल आहे. माझी गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

रोहिणखेडच्या सुताराने मला घडवलं आणि मोताळ्याकडच्या एका सरकीच्या तेलगिरणीत बॉयलरसमोर मला जागा मिळाली. बॉयलर म्हणजे वाफ करणारी मोठी लोखंडी टाकी. तिच्या अंगाला काचेची एक नळी असते. आत पाणी किती आहे, ते तिच्यात दिसतं. पाणी संपलं आणि खाली जाळ चालूच राहिला, तर टाकी फुटते. म्हणून अश्वजित माझ्यावर बसून काचेकडे पाहायचा. पाहणं हेच त्याचं काम होतं. चहा आला तरी तो मान वळवायचा नाही. अन्नपूर्णाबाई त्याच्या हातात कप द्यायची.

अन्नपूर्णाबाई भट्टीच्या तोंडाशी उभी राहून भुसा टाकायची. ती त्याला चिडवायची, "बसून बसून मुळ्या फुटतीन तुले, बॉयलरबाबा!"

"मी बसलो म्हणूनच तू उभी हायेस, काकू."

त्या काचेची एक खोड होती. काठोकाठ भरली तरी ती स्वच्छ दिसे, आणि पार रिकामी झाली तरी तशीच स्वच्छ दिसे. पाणी चढत गेलं की उतरत गेलं, हे फक्त पाहत बसलेल्याला ठाऊक.

हंगाम भरात होता. गिरणीचा शेठ आत आला आणि कडाडला, "बसायचा पगार देऊन राह्यलो का बे मी तुले?"

त्याला बसलेला माणूस दिसला. पाहणारा दिसला नाही.

मला बाहेर, दारासमोरच्या लिंबाखाली काढलं, माझ्यावर पाण्याचा माठ ठेवला. अश्वजितच्या गळ्यात टाकीत पाणी भरणारा पंप आला, सरकी वाहून नेणारा पट्टा आला, पोती रचणंही आलं. पाळीवर पाळी. डोळे मात्र तेच दोन.

"शेठजी, काचेपाशी कोणी पायजे हो."

"जाता-येता पाहत जा ना! आंधळा हायेस का?"

मित्रांनो, चुलीवर दूध ठेवलेल्या आईला घरभर धावायला लावा आणि मग तिला विचारा, जाता-येता पाहणं म्हणजे काय असतं.

त्या दिवशी अश्वजितची सलग दुसरी पाळी होती. पट्टा अडकला, शेठ ओरडला, अश्वजित धावला. इकडे पंपाने पाणी ओढणं सोडलं. पट्टा सोडवून तो धापा टाकत परतला तेव्हा काच स्वच्छ दिसत होती. थकलेल्या डोक्याने ती भरलेली धरली. "टाक काकू भुसा," म्हणाला आणि पुन्हा पळाला.

काच रिकामी होती.

आवाज एवढा झाला की माझ्यावरचा माठ फुटला. भट्टीच्या तोंडातून वाफ आणि विस्तव एकदमच बाहेर आला. अन्नपूर्णाबाईचे हात भाजले, डोळे कायमचे गेले.

चौकशीचे साहेब यायच्या आत शेठने मला पुसून काचेसमोर नेऊन ठेवलं. माझा फोटो निघाला. बसायची सोय होती, पण कामगार झोपला, असं ठरलं. अश्वजितला पोलीस घेऊन गेले. इतक्या वर्षांत माझा एवढा मान कधी झाला नव्हता!

साहेब पुन्हा आले तेव्हा अन्नपूर्णाबाई सुनेच्या आधाराने गिरणीत आली. डोळ्यांवर पट्टी होती. म्हणाली, "साहेब, अश्वजित झोपला नाही. तो बसून होता तवर मी उभी होती. त्याले उठोलं, मंग मी पडली. ते स्टूल तं बाहीर होतं. त्याच्यावर माठ होता, आम्ही सगळे पाणी पेलो त्यातलं."

"बाई, फोटोत स्टूल काचेसमोर आहे," साहेब म्हणाले.

माझ्या पाठीवर माठाचा गोल डाग अजून आहे. कुणी वाकून पाहिलं नाही.

आता टाकी नवी आहे, माणूसही नवा. तो पळता पळता माझ्यावर जेवणाचा डबा ठेवून जातो. मित्रांनो, उद्या तुमच्यातला कुणी शेठ होईल, कुणी साहेब. बसलेल्या माणसाला उठवण्याआधी तो काय पाहतोय, एवढं तरी विचारा.

आत्ता माझ्यावर कुणी नाही. समोरची काच स्वच्छ दिसते आहे.