मावशीच्या बाटलीतली मी

मी एक पेशी बोलतेय. कुणाची, ते मात्र विचारू नका. काही महिन्यांपूर्वी विचारलं असतंत तर छातीठोकपणे सांगितलं असतं. आता माझंच डोकं चालेनासं झालंय.

प्रयोगशाळेच्या उबदार कपाटात, चपट्या बाटलीत, गुलाबी पाण्यात मी राहते; तेच माझं जेवण. एकीच्या दोन होते, दोघींच्या चार, त्यामुळे 'मी' म्हणावं की 'आम्ही' हा घोळ जुनाच. पण घराणं तरी पक्कं ठाऊक होतं. इथल्या संशोधक बाईंच्या मावशीच्या स्तनातली गाठ काढली, तिचा कण बाटलीत वाढवला, ती मी. "माझा काही उपयोग होत असेल तर ठेव गं," असं मावशी स्वतः म्हणाली होती म्हणे. पुढच्या महिन्यात ती गेली.

तेवीस वर्षं बाई हात धुऊन माझ्या मागे लागल्या. त्या घराण्यातल्या बायकांना कर्करोग का होतो, कुठल्या जनुकात खोट आहे, हे त्यांना माझ्याकडून काढून घ्यायचं होतं. मला औषधं पाजली, उपाशी ठेवलं. पण रोज सकाळी कपाट उघडून विचारायच्या, "काय मावशी, बरी आहेस ना?" मी आपली फुगून जायची. अकरा शोधनिबंध छापून आले. मला दुसऱ्या प्रयोगशाळांतही पाठवलं. यंदा बाई विभागप्रमुख होणार होत्या.

बाराव्या निबंधाला संपादकांनी अडवलं. म्हणाले, आधी पेशींची ओळख पटवा. इथल्या जुन्या तंत्रज्ञ, सगळे त्यांना आक्का म्हणतात, त्यांनी माझा डीएनए मावशीच्या जपून ठेवलेल्या रक्ताशी ताडून पाहिला, मग जगभरच्या पेशींच्या नोंदींशीही.

"बाई, ही मावशी नाही. फुप्फुसातल्या गाठीची पेशी आहे. कुणा पुरुषाच्या."

बाईंनी अहवाल हातात घेऊन वाचला. "पुन्हा करा."

तीनदा केलं. तेच आलं.

मग जुन्या वह्या निघाल्या. पहिल्याच वर्षी एका दुपारी बाईंनी मावशीच्या आणि शेजारच्या फुप्फुसाच्या गाठीच्या, अशा दोन्ही बाटल्यांना एकाच भांड्यातलं गुलाबी पाणी घातलं होतं. त्यातून दुसऱ्या बाटलीतला एखादा थेंब इकडे आला असणार. थेंबातल्या पेशी भराभर वाढल्या, मावशीच्या उपाशी मेल्या. ती वाढलेली मी. पण मला कुणी सांगितलंच नाही हो. मावशी म्हणून हाक आली, मी ओ दिली. यात माझं काय चुकलं, की चुकलंच?

आक्का हळूच म्हणाल्या, "जुने निबंध राहू द्या ना. कोण बघतंय?"

"त्यांच्या भरवशावर कुणी औषध शोधत बसलं असेल, आक्का. त्यांचं काय?"

बाईंनी अकराही निबंध मागे घेतले. विभागप्रमुखपद अर्थातच गेलं. मी जिथे जिथे पोचले आहे, तिथल्यांनो, तुम्हीही एकदा तपासून घ्या.

मग कपाटापाशी उभं राहून त्यांनी मावसभावाला फोन लावला. मावशीचा हा एकुलता एक मुलगा. दर वर्षी यायचा, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ माझ्याकडे बघत बसायचा आणि आईला भेटून आलो म्हणून घरी सांगायचा. बाईंनी त्याला काहीही न लपवता सांगितलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, मग आई नक्की गेली कधी?"

बाईंनी पहिल्या वर्षाची वही पुन्हा उघडली. ती शेवटची गेली तेव्हा बाटलीत तिच्याजवळ फक्त मी होते. आठवून आठवून पाहतेय. बहुतेक मी तेव्हा जेवत होते.