वाळ्याची जुडी आणि सोयगावचा पाहुणा

मित्रांनो, मी वाळ्याची जुडी. हा माझा तिसरा उन्हाळा, म्हणजे आमच्यात मी म्हातारीच. वाळा म्हणजे एका गवताची सुगंधी मुळं. कडुबा नावाच्या शेतकऱ्यानं बांधावरून आम्हाला खणून काढलं, माती झटकली, मूठ-मूठ जुड्या बांधल्या आणि शहरात फारूखभाईच्या हातगाडीवर आणून टाकलं. तिथून गारखेड्याच्या लक्ष्मीबाईंनी मला उचललं.

"मावशी, दोन दिवस माठात ठेवा, तिसऱ्या दिवशी उन्हात," फारूखभाईनं बजावलं. "नायतर सडंल, अन् शिव्या मला खायला लागतील."

माझं काम सोपं. माठात पडून राहायचं आणि पाण्याला वास द्यायचा. पाणी गार करायचा माठ, नाव व्हायचं माझं. शेजारच्या अमिनाभाभी एक पेला पाणी प्यायला यायच्या आणि तासभर बसायच्या. दुसऱ्या वर्षी घरात फ्रिज आला. मग मी रिकाम्या डब्यात. वास गेला नव्हता, पण मला हुंगायला कुणाला सवड नव्हती.

यंदा मला बाहेर काढलं ते लक्ष्मीबाईंच्या लेकीपायी, श्रेयापायी. सोयगावचा ऋतुराज तिला मनापासून पसंत होता, आणि त्याचे वडील काकासाहेब घर बघून होकार-नकार सांगायला येणार होते. फ्रिजच्या पाण्यानं त्यांचा घसा धरतो, म्हणून पुन्हा माठ, म्हणून पुन्हा मी.

ते आले तो नेमका माझा उन्हाचा दिवस. श्रेयानं मला न्हाणीच्या खिडकीत वाळत घातलं होतं. काकासाहेब एसटीतून घामेजून उतरले, म्हणाले, "आधी अंघोळ करतो." आत आले, मला बघितलं आणि खूश झाले. त्यांच्या घरी वाळ्यानं अंग घासतात. मला काय ओरडता येतं? साबण लागला. पाठ झाली, मान झाली, मग टाचा. टाचांबद्दल मी काही बोलणार नाय.

आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यातून एकदा. हे ठाऊक असल्यानं त्या भल्या माणसानं मला अर्ध्या तांब्यात विसळलं आणि परत खिडकीत ठेवलं. लक्ष्मीबाईंना मी ओली दिसले. पोरीनं धुऊन ठेवली असंल, असं म्हणत, पाहुण्याच्या पाण्याला वास हवा म्हणून त्यांनी मला माठात सोडलं.

जेवताना काकासाहेबांनी घोट घेतला आणि थांबले. लक्ष्मीबाईंनीही चव बघितली. चक्क साबण.

"श्रेया, सकाळी माठ घासला तो धुतला व्हता का?"

"दोनदा धुतला, आई."

"मग पाणी काय स्वतःच साबण लावून आलं? पाहुण्यापुढं इज्जत घालवली."

श्रेया खाली मान घालून उभी राहिली. ठरत आलेलं लग्न एका पेल्यात बुडालं असंच तिला वाटत होतं.

"ताई, माठात टाकता काय तुम्ही?" काकासाहेबांनी विचारलं.

"वाळा हो. न्हाणीच्या खिडकीत वाळत व्हता ना, तोच."

काकासाहेबांनी एक घास खाल्ला. मग आणखी तीन खाल्ले. गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं.

"ताई, पोरीला बोलू नका," ते शेवटी म्हणाले. "त्या वाळ्यानं मी अंग घासलं."

लक्ष्मीबाईंनी पेला हळूच खाली ठेवला.

"सगळं अंग, काका?" श्रेयानं विचारलं.

"टाचाबी."

आधी लक्ष्मीबाईंना हसू फुटलं, मग सगळ्यांनाच.

"हसा, हसा," काकासाहेब म्हणाले. "पण चूक नसताना पोरीनं ऐकून घेतलं, हे मी बघितलं. आमचा होकार धरा. मानपानात टॉवेल-टोपी नको, फक्त एक घासणी द्या."

मग माठही त्यांनीच घासला. मला परत पाण्यात टाकायची छाती कुणाला झाली नाय. चार दिवस ऊन खाऊन आता मी श्रेयाच्या शालूच्या घडीत आहे. इथंही माझा वास चालतो, कपड्यांना कसर लागत नाय. आम्हाला जपा, वर्षानुवर्षं कामाला येऊ.

आणि मित्रांनो, दुसऱ्याच्या घरातली वस्तू विचारून घ्या. विचारायचं राहिलंच, तर दुसऱ्याला बोलणी बसायच्या आत कबूल करा. काकासाहेबांना त्याला चार घास लागले. तुम्ही एकातच उरका.