लालबागच्या देवीचं रक्त

लालबागच्या नाक्यावर पिंपळाखालच्या धोंड्याला रक्त फुटलं आणि अर्धी चाळ अनवाणी धावत आली.

धोंडा जुनाच. आठ दिवसांपूर्वी भुजंगबाबा नावाचा इसम उपटला, त्याने धोंड्याला ओली हळद थापली आणि त्याची देवी केली. "सरकार आईच्या पायाशी रेघ ओढेल, आई रक्त गाळेल!" असं तो रोज गर्जायचा. राज्याचं वाहतूक नियोजन खातं तिथून बसची मार्गिका काढणार, हे पेपरात आधीच छापून आलं होतं. पण पेपर वाचतो कोण?

आज खात्याचा मोजणीदार संघर्ष आला. पंचविशीतला पोरगा. नेहमीसारखी त्याने चुन्याच्या फक्कीने रेघ मारली. बाबाने धोंड्यावर तांब्याभर तीर्थ ओतलं. हळदीचं पाणी रेघेपर्यंत ओघळलं आणि लालभडक झालं.

"मारा! आईला कापली याने!" बाबा किंचाळला.

गिरणीतून निवृत्त झालेले राजाराम परब देवीच्या पायांना हात लावून नुकतेच उठले होते. त्यांनी संघर्षची मोजणीची काठी हिसकावली आणि पहिला फटका त्यांनीच घातला. पोराचं डोकं फुटलं. मग लाथा, चपला, विटांचे तुकडे. त्याच्यासोबत आलेली त्याची वरिष्ठ, इंजिनिअर दीपिका, त्याच्यावर आडवी पडली. तिच्याही पाठीत वीट बसली.

"मरेल तो! थांबा!"

कुणी थांबेना.

राजाराम दमून बाजूला झाले. दम लागला की तंबाखू, ही गिरणीतली सवय. डबीतला चुना त्यांनी डाव्या तळव्यावर घेतला, अंगठ्याने चोळला आणि बोंब ठोकली, "माझ्या हातातून रगत इला! आई कोपली!"

उगारलेले हात तसेच राहिले. दीपिका धडपडत उठली आणि तिने तो तळवा धरला.

"आजोबा, हळद देवीची आणि चुना तुमच्या डबीतला. हो ना?"

तिने धोंड्यावरची हळद स्वतःच्या हातावर घेतली, वर चुना चोळला. लाल!

"अगो, आमची आजी कुंकू असाच करायची," एक म्हातारी पुटपुटली.

"आमच्या रेघेतही चुनाच आहे. बाबाला ते ठाऊक होतं." दीपिकाने देवीपुढचं लिंबू दातांनी फोडून राजारामांच्या तळव्यावर पिळलं. लाल पुन्हा पिवळं झालं. मग तिने संघर्षकडे बोट केलं. "ते नाही व्हायचं पिवळं."

बाबा सटकत होता. चौघांनी त्याला धरून विटा उचलल्या.

"पुन्हा तेच?" दीपिका ओरडली. "पोलिसांना द्या. कशाने झालं, एवढं मघाशी एकाने तरी विचारायचं होतं!"

तिचा राग रास्त होता. हा प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही, क्षणभर थांबावं लागतं. तेवढं थांबणं कुणालाच जमलं नाही.

टॅक्सीत संघर्षचं डोकं राजारामांच्या मांडीवर होतं, जखम त्यांनी उजव्या हाताने दाबून धरली होती. पोर कण्हत होतं, म्हणजे जिवंत होतं. इस्पितळात हवालदाराने विचारलं, "सुरुवात कुणी केली?"

राजारामांनी दोन्ही हात पुढे केले. डावा पिवळा होता. उजव्यावरचं रक्त वाळत चाललं होतं.

"पयलो फटको माझो," ते म्हणाले.