उलट्या कुंडीचा संशय

मी एक जुनी, काठाचा टवका उडालेली मातीची कुंडी आहे. मित्रांनो, एवढ्यावरून मला बिचारी म्हणू नका. मी बिचारी नाही, संशयी आहे. कुंभाराने भट्टीतून काढल्यावर मला टिचकी मारून पाहिली, तेव्हापासून माणसाचा हात जवळ आला की हा आता काय करणार, हेच माझ्या मनात येतं. पुढे माझ्यातलं रोप पाण्यावाचून वाळलं आणि स्वभाव पक्का झाला.

माझे मालक घड्याळं दुरुस्त करतात. एक दिवस त्यांनी मला अडगळीतून काढलं, उकळत्या पाण्याने धुतलं आणि माशांच्या काचेच्या टाकीत पालथं घातलं. टाकीत बुटक्या सिक्लिड माशांची जोडी होती. नर निळसर, लांब शेपटीचा. त्याला घरात सरदार म्हणत. मादी बोटाच्या पेराएवढी, तिचं नाव पिवळी. हे मासे गुहेत अंडी घालतात. मी झाले गुहा आणि माझा टवका झाला दार. ज्या टवक्यामुळे मला टाकून दिलं होतं, त्याच्यामुळेच माझी निवड झाली. मला त्यातही काहीतरी डाव वाटला.

निगा राखण्यात मालक कसूर करत नसत. पाणी थोडं थोडं बदलत, खाऊ बेताने टाकत, तळाशी वाळकी पानं पसरत. मासे तुकतुकीत होते. पिवळी उलटी होऊन माझ्या छताला अंडी चिकटवायची, पिवळीधमक व्हायची आणि पंखांनी त्यांना वारा घालत बसायची. आणि एक-दोन दिवसांत अंडी गायब!

"हा सरदारच खातो. बघ, कसा चोरासारखा घिरट्या घालतोय," मालक म्हणाले.

"अहो, राखण करतोय तो," शिवणयंत्रावरून मालकीणबाई म्हणाल्या. "तुम्ही नाही का कुलूप तीनतीनदा ओढून बघत?"

तरी सरदाराची रवानगी बादलीत झाली. अंडी पुन्हा गेली. त्याला परत आणलं आणि टाकीतल्या गोगलगायीला हाकललं. पुन्हा तेच. मला मात्र खाणारा ठाऊक होता. अंडी पिवळीच गिळत होती! माझ्याच छताखाली, आई असून! मला तिचा इतका राग यायचा, की ती आत आली की अंग चोरावंसं वाटे.

मालकांचा एक स्वभाव सांगायचा राहिला. चांगलं चालणारं घड्याळही उघडून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. अंडी दिसली की त्यांच्या शर्टाची बाही वर जायची. हात पाण्यात यायचा, मला तिरपी करायचा. मालक डोळ्याला भिंग लावून बघायचे, "छान आहेत," म्हणायचे आणि मला परत ठेवून द्यायचे. असं रोज.

मग ज्याने हे मासे विकले होते, तो मासेवाला घरी आला. पिवळीकडे बघून म्हणाला, "थकलीय हो ही. अजून एकदा अंडी घालेल, फार तर. मग काही खरं नाही."

पिवळीने ती शेवटची अंडी घातली आणि त्याच दिवशी मालकांचे डोळे आले.

"टाकीत हात घालायचा नाही," मालकीणबाईंनी बजावलं. मालक काळा चष्मा लावून टाकीसमोर बसले.

"आहेत का गं अंडी?"

"ती दारात बसलीय, एवढं दिसतंय."

"जरा कुंडी हलवून बघ ना."

"मी नाही हलवणार. तिचं ती बघेल."

मी डोळ्यांत तेल घालून पिवळीवर पाळत ठेवली. अंड्यांतून इवल्या शेपट्या निघाल्या, तसं तिने एक पिल्लू तोंडात धरलं. खाल्लं! माझा संशय खरा ठरला! पण तिने ते पानाच्या खळग्यात अलगद सोडलं आणि दुसरं आणायला वळली. मित्रांनो, मी चाट पडले. म्हणजे ती हावरट नव्हती. घराचं छप्पर रोज हललं की तिला वाटायचं, आता ही काही वाचत नाहीत. म्हणून ती गिळून टाकायची. मी साऱ्या जगावर संशय घेतला, नेमका त्या हातावर घ्यायचा राहिला.

पिवळी पिल्लांचा घोळका घेऊन दाराबाहेर आली, तेव्हा मालकीणबाईंनी हाक मारली.

"मला तर नुसती धूळ दिसतेय," चष्मा काढून मालक म्हणाले.

"धूळ आईमागून वळते का?"

मालकांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे मीच..."

"हो," मालकीणबाईंनी दोरा तोडला.

पिवळी त्यानंतर फार जगली नाही. तिची पिल्लं मात्र मोठी झाली, आणि आज तिच्या लेकीने माझ्या छताला अंडी लावली आहेत. मित्रांनो, जीव पाळायचा तर पाणी स्वच्छ ठेवा, पोटापुरतं खायला द्या आणि मग कृपा करून हात आवरा.

आत्ताच मालक आले. बाही वर गेली. बोट पाण्याला टेकलं, आणि लेकीचे पंख थांबले. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी बोट पुसलं, बाही खाली ओढली, बटणही लावलं. पण अजून ते टाकीसमोरच उभे आहेत, आणि माझं लक्ष त्या बटणावर आहे.