रिकामे बसलेले

तिने खुर्ची पुढे ओढली आणि पडद्याला नाक लागेल इतकी वाकली.

"अगं, डोकं बाजूला घे. काचेची नाहीयेस तू," मागून शंकासुर म्हणाला.

ती जराशी सरकली, पण नजर हलली नाही. पडद्यावरची गर्दीची रेघ चढत होती. थांबून थांबून चढली असती तर तिला इतकी धास्ती वाटली नसती. ही एका दमात चढत होती.

सरकारी नेत्र रुग्णालयाच्या शस्त्रक्रियांच्या तारखा वर्षातून दोनदा ऑनलाइन खुल्या होतात, आणि आज सकाळी त्या खुल्या झाल्या होत्या. मागच्या वेळी या कचेरीने बनवलेली नोंदणीची सगळी यंत्रणा अर्ध्या तासात आडवी झाली. ज्यांना तारीख मिळाली होती त्यांचीही पुसली गेली. त्यानंतर रुग्णालयाने या कचेरीला एकच संधी दिली होती. या वेळी पडलात तर काम दुसरीकडे जाईल, आणि सहा जणांच्या या खोलीला कुलूप लागेल.

म्हणून तिने तीन महिने सराव केला होता. कॉम्प्युटरमध्ये नकली माणसं तयार केली. काही घाईची, काही गोंधळलेली, काही एकच बटण चारदा दाबणारी. त्या सगळ्यांना ती रोज सकाळी यंत्रणेच्या अंगावर सोडायची. गर्दी वाढली की क्लाउडवरची भाड्याची मशीनं आपोआप जोडली जायची, ओसरली की सुटी व्हायची. गेल्या पंधरवड्यात सरावात यंत्रणा एकदाही पडली नव्हती.

"सरावापेक्षा दीडपट आहेत," शंकासुर म्हणाला. सगळ्या कचेरीने त्याला हे नाव दिलं होतं आणि त्याने ते आनंदाने मिरवलं होतं. "इतकी माणसं आली कुठून?"

उत्तर दारातून आत आलं. सर फोन कानावरून खाली घेत म्हणाले, "परवा त्यांनी आणखी दोन तालुके यादीत घेतले. आपल्याला कळवायचं राहून गेलं म्हणे."

"राहून गेलं," शंकासुर म्हणाला. "वा! लग्नाला दोन गावं जास्त बोलावली आणि आचाऱ्याला सांगायचं राहून गेलं."

कोणी हसलं नाही. तिने नवी मशीनं मागवली. त्यांना जागं होऊन कामाला लागायला काही मिनिटं लागतात. रेघ मात्र त्यांच्यासाठी थांबणार नव्हती.

"पोचतील का वेळेत?" सरांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"झाडलोट करावी लागेल."

झाडलोट हा त्यांचा आपसातला शब्द. जे लोक पान उघडून रिकामे बसलेत, दीड मिनिटाहून जास्त वेळ ज्यांनी एकही बटण दाबलेलं नाही, त्यांना बाहेर काढायचं आणि ती जागा दारात उभ्या असलेल्यांना द्यायची. नियम तिनेच लिहिला होता. सरावात तो शंभर टक्के चालला होता. पान उघडं टाकून उठून गेलेली नकली माणसं बाहेर पडायची आणि कोणाचंही नुकसान व्हायचं नाही.

"एक शंका," शंकासुर म्हणाला.

"आत्ता नको ना रे."

"आत्ताच आहे ती. माणूस पान भरतोय की उठून चहाला गेलाय, हे मशीनला कुठे दिसतं? बटण दाबलं तरच कळतं. यातला एखादा अजून भरत असला तर?"

"दीड मिनिटात सरासरी माणूस दोन पानं भरतो."

"सरासरी माणूस मी अजून पाहिलेला नाही. तू पाहिलायस?"

तिचा हात माउसवरून उठला, कपाळावरची बट मागे सारून परत माउसवर आला.

तो सरासरी माणूस तिने स्वतः मोजून काढला होता. आधी कचेरीतल्यांना बसवलं, मग एका रविवारी घरच्यांना. जेवणाचं टेबल पुसून त्यावर लॅपटॉप ठेवला, मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. भाऊ झटक्यात मोकळा झाला. वहिनी पोराला ओरडत ओरडत पान भरून उठली. मग आप्पा बसले. आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेलं, आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. पडद्याशी तोंड नेऊन त्यांनी पहिली ओळ वाचली. मग दुसरी. अटींचं पान आलं तेव्हा भाऊ म्हणाला, "आप्पा, खाली जाऊन 'मान्य' दाबा. ते कोणी वाचत नाही."

"न वाचता मान्य म्हणायला मी काय खासदार आहे?" आप्पा म्हणाले, आणि भिंग मागवलं.

सगळे हसले होते. तीसुद्धा. रात्री आकडे मांडताना एकट्या आप्पांमुळे सरासरी ताणली जात होती, तेव्हा तिने तो आकडा काढून टाकला. असे टोकाचे आकडे काढायचेच असतात. सगळेच काढतात.

टेबलावर फोन थरथरला. पडद्यावर 'आप्पा'. कामाच्या वेळी ते कधी फोन करत नसत. आज सकाळी ती निघताना म्हणाली होती, "मी भरून देऊ का तुमचं?" तर चप्पल शोधत असल्यासारखे खाली बघत म्हणाले, "तिथे काम करतेस म्हणून? नको. चार लोकांसारखा रांगेत उभा राहीन." एव्हाना झालंही असेल त्यांचं. तेच सांगायला केला असेल फोन.

तिने तो पालथा घातला.

"निर्णय घ्या," सर म्हणाले. रेघ लाल पट्ट्याला टेकत होती. "पडलं तर सगळ्यांचंच जाईल."

हे खरं होतं.

तिने बटण दाबलं.

झाडावरून फळ पडावं तशी रेघ एकदम खाली आली. बाहेर खोळंबलेली माणसं आत घुसली, रेघ पुन्हा चढू लागली, आणि खोलीत कोणी श्वास सोडायच्या आत नवी मशीनं एकेक करून जागी झाली. हिरवं, हिरवं, हिरवं. लाल पट्टा रेघेच्या वरच राहिला. वीसेक मिनिटांत शेवटची तारीख गेली आणि पडद्यावर 'सर्व तारखा पूर्ण' अशी पाटी आली.

सरांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी तिच्या खुर्चीची पाठ बडवली.

"माझी शंका मी मागे घेतो," शंकासुर म्हणाला. "या वर्षातली पहिली. टिपून ठेवा."

ती हसत उठली, फोन घेऊन जिन्यात गेली.

"आप्पा, फोन केला होतात?"

"अगं, ती नववी अट नीट वाचता येईना. म्हटलं तुला विचारावं. मग लक्षात आलं, तू कामात असणार. भिंग शोधायला आत गेलो."

"मग?"

"आलो तर पाटी. वेळ संपली, पुन्हा सुरुवात करा. केली पुन्हा. अर्ध्यात आलो तोवर तारखाच संपल्या."

ती जिन्याच्या पायरीवर बसली.

"शेवटचंच पान होतं," आप्पा म्हणाले. "घाई केली असती तर झालं असतं. पण म्हटलं, कशाला? त्या रविवारी तू घड्याळ लावून माझा वेळ मोजून नेला होतास ना. म्हटलं, आपल्यासारख्यांचा हिशेब धरलेला आहे. म्हणून निवांत वाचत बसलो."

खालच्या मजल्यावर कोणीतरी दार ओढून घेतलं.

"आप्पा..."

"असू दे गं. सहा महिन्यांनी परत आहेच. तुमचं ते पडलं नाही ना या वेळी?"

"नाही. उभं राहिलं."

"मग झालं," आप्पा म्हणाले, आणि ते खरंच खूश झाल्याचं आवाजात ऐकू आलं.

ती आत आली तेव्हा सर रुग्णालयाशी फोनवर बोलत होते आणि बाकीचे जेवायला कुठे जायचं यावर भांडत होते. ती जागेवर बसली. सरावाची फाइल उघडली. काढून टाकलेला आकडा जुन्या आवृत्तीत होता. तो तिने परत आणला आणि त्याच चालीची नकली माणसं बनवली. शंभरात पाच. थोडा वेळ बघत राहिली, मग पाचाची दहा केली. झाडलोटीचा नियम बंद केला आणि आजचीच गर्दी पुन्हा यंत्रणेवर सोडली.

रेघ चढली, लाल पट्ट्याला टेकली आणि तो ओलांडून वर गेली. मशीनं एकेक करून मावळू लागली.

"अगं, हे काय? जिंकलेली लढाई कशाला हरतेस?" शंकासुर तिच्या खांद्यावरून वाकला. त्याने नव्या माणसांच्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि हा कोण? काहीच करत नाहीये हा. नुसता बसलाय."

तिने सराव थांबवला नाही.

"हा अटी वाचतोय," ती म्हणाली.