सतराव्या पायाचा नियम

खोलीत टेबलं तीन, खुर्च्या दोन, खिडकी एक. कपाटात इलेक्ट्रॉनिक चिप्सचे एकोणीस ट्रे. मधल्या टेबलावर मी : चाळीस खाचांचं सॉकेट आणि दोन दिवे, एक हिरवा, एक लाल. मित्रांनो, मी एक जुना चिप-टेस्टर आहे.

मला दोन भावांनी एका लहानशा कारखान्यात बनवलं. काम सोपं दिलं. चिपच्या काही पायांतून, म्हणजे पिनांतून, मी शून्य आणि एक आत पाठवतो, दुसऱ्या पायांतून काय बाहेर येतं ते बघतो. उत्तर जुळलं तर हिरवा, नाही तर लाल.

प्रयोगशाळेत मला मिस्त्रीकाकांनी सांभाळलं. ते रोज सकाळी माझं सॉकेट ब्रशने झाडत. मग कामाच्या चिप्सना हात लावण्याआधी एक पांढऱ्या ठिपक्याची चिप बसवत. ती चांगली असल्याची खात्री होती. हिरवा लागला की म्हणत, "गडी शुद्धीवर आहे. चला."

पुढे पीएचडीच्या संशोधनासाठी ताई आली; प्रयोगशाळेचे सर तिचे मार्गदर्शक. माझ्या एकाही निकालात सरांना खोट सापडली नाही, तेव्हा ते म्हणाले, "हा टेस्टर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ." त्याच वर्षी काका निवृत्त झाले. ठिपक्याची चिप कपाटात गेली आणि ब्रशही. मला त्याचं काही वाटलं नाही.

तीन वर्षांत ताईने माझ्यावर सहा हजार चिप्स तपासल्या. प्रत्येक निकाल संगणकात साठवला आणि त्या ढिगातून डेटा मायनिंगने नियम शोधला. नियम सापडला : लॉट, म्हणजे एका वेळी आलेला चिप्सचा गठ्ठा, जितका नवा, तितकी सतराव्या पायावरची चूक जास्त. दोनशे चौदा चिप्स नापास होत्या.

"चिप बनवणाऱ्या कारखान्याचं काम बिघडत चाललंय," सर म्हणाले. "सोमवारी प्रबंध दे. त्यांनाही पत्र पाठवू. पत्र मिळालं की दोन लॉट भंगारात काढायला ते तयार आहेत."

शुक्रवारी काका पेन्शनच्या कागदावर सरांची सही घ्यायला आले आणि खोलीत डोकावले.

"काय गं पोरी, सकाळी खात्रीची लावलीस ना?"

"काका, तुमच्यामागे कोण लावतंय? घाई किती असते!"

"म्हणजे काटा न बघताच वजन करतेस? वाण्याकडे नोकरी धर, डोक्यावर घेईल!"

ती हसली. कपाटातून ठिपक्याची चिप काढून तिने माझ्यात बसवली.

लाल. सतरावा पाय.

पुन्हा बसवली. लाल.

काकांनी भिंगातून सॉकेट पाहिलं. सतराव्या खाचेतली, चिपच्या पायाला टेकणारी धातूची पत्ती झिजून मागे सरकली होती. दिवस गेले तशी ती जास्त झिजत गेली होती, म्हणून नवे लॉट जास्त नापास होत गेले होते. ताई लाल दिव्याकडे बघत बसली. मग तिने सरांना फोन केला. "सर, कारखान्याला पत्र पाठवू नका. प्रबंधही सोमवारी नाही," एवढंच म्हणाली.

मित्रांनो, यंत्राचं कौतुक जरूर करा, पण रोज सकाळी त्याची परीक्षा घ्या. पत्ती झिजते तेव्हा आम्हाला दुखत नाही. आम्ही दिवा लावत राहतो.

शनिवारी काकांनी मला नवं सॉकेट बसवलं. ठिपक्याच्या चिपला हिरवा लागला. मग ताईने नापास झालेल्या दोनशे चौदा चिप्स एकेक करून पुन्हा तपासल्या.

पास : दोनशे अकरा. नापास : तीन.