खेळाच्या टेबलावरची साक्ष

मित्रांनो, मुठीत मावणारा हा जुना रेकॉर्डर मीच. कारखान्यातून निघालो तेव्हापासून मला एक खोड आहे. स्वस्थ म्हणून बसवत नाही. कोणी खोकलं तरी ते टिपायला हवं!

२०१६ साली आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात अश्लेषाने मला घेतलं. ती पुण्याहून विद्यापीठात शिकायला आलेली. सोंग घेऊन खेळायच्या खेळांतून खेळाडू काय शिकतात, हा तिच्या प्रबंधाचा विषय. शनिवारी दुपारी तिच्या घरी मंडळी जमत. इथलाच ओवेन गोष्ट रचून सांगे, बाकीचे कोणी चोर, कोणी वैद्य होत, आणि मी टेबलाच्या मधोमध. "याच्यामुळे एक शब्द सुटत नाही," असं अश्लेषा म्हणाली की मी फुगून जायचो.

शैलेंद्र नागपूरचा इंजिनिअर, भारी बुजरा. मोकळेपणाने बोलायची त्याची ही एकच जागा. खेळात तो गावच्या वेशीचा पहारेकरी होता. एकदा सगळे डोंगराकडे निघाले. वेशीकडे वळताना तो म्हणाला, "ओके, आय विल कम." थोड्या वेळाने ओवेनने जाहीर केलं, की पहारेकरीही डोंगरावर गेला, वेस मोकळी राहिली आणि दरोडेखोरांनी गाव जाळलं.

शैलेंद्र कळवळून म्हणाला, "मी वेशीवरच होतो! डोंगरावर जातो असं म्हटलंच नाही."

अश्लेषाने मला वाजवलं. मी त्याचे शब्द चोख ऐकवले. सगळे खो खो हसले.

त्यानंतर शैलेंद्र यायचा बंद झाला. 'हा खेळाडू स्वतःचाच निर्णय नाकारतो,' असं अश्लेषाने प्रबंधात लिहिलं. प्रबंध द्यायची वेळ जवळ आली आणि मला चैन पडेना. शब्द खरे होते, मग त्याचं तोंड इतकं का उतरलं? पण बटण दाबल्याशिवाय मला बोलता येतं थोडंच!

एके सकाळी वाचनालयाकडे निघताना अश्लेषा दारातून घरातल्या मैत्रिणीला ओरडून म्हणाली, "वृंदा, येते गं!" आणि उंबऱ्यातच थबकली. परत येऊन तिने मला लावलं.

"अगं वृंदा, तो निरोप घेत होता! निघताना आपण 'जातो' म्हणतो का कधी? 'येतो'च म्हणतो! मी मराठी असून इंग्रजीतच ऐकत बसले!"

मला खिशात टाकून ती तडक शैलेंद्रकडे गेली. "दादा, चुकलं माझं. ते वाक्य मी काढून टाकते. तुम्ही खेळायला या ना."

शैलेंद्र म्हणाला, "सगळे हसले ना, तेव्हा मलाच वाटलं, आपण खोटं बोललो की काय. येईन मी. पण हा रेकॉर्डर टेबलावर नको. काय लिहायचं ते मला विचार, मी सांगीन."

"ग्रँड! याला प्रेसमध्येच ठेवते," ती म्हणाली. मला वाटलं, आता वर्तमानपत्रात माझं नाव छापून येणार. इथे कपाटाला प्रेस म्हणतात!

तेव्हापासून कपबश्यांमागे पडून आहे. बाहेर खेळ रंगतो, शैलेंद्रचं हसू सगळ्यांत मोठं ऐकू येतं, आणि माझा जीव तळमळतो. मित्रांनो, आम्हा जुन्यांना धूळ खात ठेवू नका, अधूनमधून बॅटरी बदला. पण कोणाबद्दल काही लिहायचं असेल, तर मला नंतर विचारा. आधी त्याला विचारा.